आधी उकिरडा, मग घर

आमच्या सरांना घरी बोलावणं म्हणजे एक वैताग होता. पाहुणा आला की ओसरीवर बसतो, पाणी घेतो, पोराबाळांची चौकशी करतो. सर सायकल भिंतीला टेकवत आणि सरळ घरामागं जात. तिथं उकिरडा असे. उकिरड्यासमोर उभं राहून ते डोळे मिटत आणि लांब श्वास घेत. मग मागून आवाज येई, "अरे, उडून चाललं! सगळं नत्र उडून चाललं! माती टाका वरून, माती!" पाहुण्याच्या हाती फावडं देणं बरं दिसत नाही, म्हणून घरातलं कोणीतरी हातातलं काम टाकून धावे आणि शेणावर माती ओढे. ती नीट पसरली की सर पुढं येत, पाय धूत, आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं विचारत, "चहा टाकला का?"

माझी माय म्हणायची, "देवानं याले नाक काऊन देलं असंन? इतक्या मोठ्या नाकाचं एवढंच काम?"

नाक खरंच मोठं होतं. बाकी माणूस काटकुळा, पायजमा घोट्याच्या वर, कोटाच्या खिशात खडू आणि मातीची ढेकळं एकत्र. आमचं गाव वरवट बकालच्या बाजारापासून कोसभर. सर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचे, बीबीकडचे. आम्ही 'काऊन' म्हणायचो, ते 'कामून' म्हणत, आणि आमची पोरं त्याची नक्कल करत. गावात त्यांचं कोणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं. शाळेजवळच्या एका खोलीत राहत आणि हायस्कुलात शास्त्र शिकवत. शास्त्र म्हणजे नत्र. हा माझा आरोप नाही, पंधरा-वीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेलेलं कोणतंही पोरगं हेच सांगेल. उष्णता, प्रकाश, चुंबकत्व हे धडे परीक्षेच्या तोंडावर एकेका तासात उरकले जात. उरलेलं सगळं वर्ष नत्रचक्र.

शाळेच्या अंगणात ते चुन्यानं मोठं वर्तुळ आखत आणि आम्हाला त्यावर उभं करत. एक पोरगा हवा, एक हरभरा, एक हरभऱ्याच्या मुळाच्या गाठीतला जंतू, एक बैल, एक शेण. मी दोन वर्षं मूत्र होतो. सर हातात चेंडू देत. चेंडू म्हणजे नत्र. हवेकडून जंतूकडे, जंतूकडून हरभऱ्याकडे, हरभऱ्याकडून बैलाकडे, असा तो फिरत फिरत मातीत यायचा आणि मातीतून पुन्हा हवेत. कोणाच्या हातून चेंडू पडला की सर ओरडत, "थांबा! कुठं गेलं? उरलेलं कुठं गेलं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. डब्यातली भाकरी अर्धी उरली तरी हाच प्रश्न, खडूचा तुकडा हरवला तरी हाच. एकदा हेडमास्तर म्हणाले, "सर, शाळेला मिळालेल्या ग्रँटमधलं बरंचसं संपलं." सर म्हणाले, "संपत काही नसतं. कुठं गेलं ते सांगा." हेडमास्तर त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

शाळेच्या मागं बाभळीखाली जायची पोरांची रीत होती. सरांनी ती बंद केली. त्यांनी स्वतः विटा लावून मुतारी बांधली, तिची नाली पपईच्या वाफ्यात सोडली आणि वाफ्यात तुरीचं भुसकट भरलं. शाळा सुटली की ते फाटकात उभे राहत. "घरी जाऊन करू नका. इथंच करून जा. शाळेचं नत्र शाळेत राहू द्या." पपया लागल्या त्या माझ्या डोक्याएवढ्या. कोणीही खाईना. सरांनी वर्गात आमच्यासमोर एक चिरली, खाल्ली, बिया गोळा करून कागदात बांधल्या आणि म्हणाले, "तुम्हाला लाज कामून वाटते रे? गहू खाता तेव्हा काय खाता, माहीत आहे का?" आम्हाला माहीत करून घ्यायचं नव्हतं. पण त्यांनी सांगितलंच. त्या दिवशी बऱ्याच घरात पोरांनी पोळी खाल्ली नाही आणि दुसऱ्या दिवशी आया शाळेत आल्या.

अक्काच्या सोयरिकीच्या वेळी तर कहर झाला. अक्का माझी थोरली बहीण. बाबांचं किराणा दुकान, शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून मुलगा पाहायला जाताना चार शब्द बोलणारा शिकलेला माणूस सोबत असावा असं त्यांना वाटलं. त्यांनी सरांना नेलं. मुलाचं गाव मलकापूरकडं. तिथं सगळे वावर किती, बैल किती, मुलाचं शिक्षण किती हे विचारत बसले आणि सर गायब. मुलाकडचे काळजीत पडले. बाबांना ठाऊक होतं ते कुठं असतील, पण सांगायचं कसं? बऱ्याच वेळानं सर आले. धुळीनं भरलेले हात झटकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सोयरीक करा. उकिरडा सावलीत आहे, वर मातीचा थर आहे, गोठ्याचा उतार खड्ड्याकडे आहे. हे लोक काही वाया घालवत नाहीत. पोरीला जपतील."

मुलाची आई पदराआड हसली. बाबा घरी येऊन म्हणाले, "सोयरीक झाली, पण मास्तरले पुन्हा कुठं नेणार नाही." मायनं कपाळाला हात लावला. "माह्या पोरीचं नशीब शेणात पाहून आला हा मानूस!"

तरी या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी विसरू शकत नाही. आमच्या घरात कॉलेज म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर बाबा मला तागडीमागं बसवणार होते. सर दुकानात आले, गूळ घेतला, आणि म्हणाले, "याला अकोल्याला धाडा." बाबा म्हणाले, "काहाले? तिकडं शिकून काय करीन?" सर म्हणाले, "इथं बसून काय करील? तराजू तर तुम्हालाही येतो." अकोल्याला ते स्वतः माझ्यासोबत आले. प्रवेशाच्या रांगेत उभे राहिले. खिडकीजवळ पोचलो आणि कारकुनाच्या टेबलावर त्यांना कुंडीतलं पिवळं पडलेलं झाड दिसलं. झालं. "याला नत्र कमी पडलं आहे. चहाचा चोथा कुठं टाकता?" कारकून चिडला. मागची रांग ओरडायला लागली. खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो आणि प्रवेश मिळाला. मला मिळालेल्या पदवीची सुरुवात अशी झाली. त्यांच्यामुळे ती मिळाली आणि त्यांच्यामुळेच जवळजवळ हुकली. त्यांच्या बाबतीत नेहमी असंच होई, आभार मानायला तोंड उघडावं तर आधी तक्रारच बाहेर पडे.

गावात युरियाचं पहिलं पोतं आणलं तेही सरांनीच. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. मलकापूरहून एसटीच्या टपावर टाकून आणलं आणि वर्गात ठेवलं. पांढरे दाणे तळहातावर घेऊन ते प्रत्येक बाकाशी जाऊन आम्हाला दाखवत होते. "ही हवा आहे रे! हवा! जंतू जे काम मुळाच्या गाठीत बसून करतो ते माणसानं कारखान्यात केलं. हवा पोत्यात बसवली!" एका पोरानं दाणा जिभेवर ठेवला आणि थुंकला. सर हसले. मी त्यांना इतकं आनंदी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

ते पोतं त्यांनी पुंडलिककाकांना दिलं. पुंडलिककाकांचा भाजीचा मळा गावाला लागून होता आणि मळ्याच्या कोपऱ्यात गोड विहीर. आमच्या भागात पाणी खारं. जिथं खणावं तिथं मचूळ लागतं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्यामुळे गोड विहीर म्हणजे गावाची शान होती. सगळं गाव प्यायला तिथलं पाणी नेई. पाहुणे आले की आधी त्या पाण्याचा तांब्या समोर ठेवायचा आणि ते काय म्हणतात याची वाट पाहायची.

सरांनी काकांना युरिया मूठमूठ कसा टाकायचा, कधी टाकायचा ते शिकवलं. पालक असा काळाभोर हिरवा आला की वरवट बकालच्या बाजारात लोक टोपलीभोवती गोळा झाले. मग काय, एका मुठीनं इतका येतो तर चार मुठींनी किती येईल, असा काकांनी हिशेब केला. पाणी सोडायचं, पोतं फोडायचं, पुन्हा पाणी सोडायचं. इंजिन धडधडत राही आणि वाफ्यातून निथळलेलं पाणी थेट विहिरीकडे झिरपे. गावातल्या बाकी भाजीवाल्यांनीही तेच केलं.

सर आता उलटे ओरडायला लागले. रोज मळ्याच्या बांधावर उभे. "पुंडलिकराव, पालकानं खाल्लं किती? उरलेलं कुठं गेलं?"

काका म्हणत, "जाते कुठं, मातीत असंन. तुमीच तं आनलं न सर?"

"मीच आणलं. म्हणून तर बोलू लागलो!"

मलाही वैताग यायचा. एकदा सुट्टीत आलो असताना मी म्हणालो, "सर, उकिरड्यावरून उडालं तरी तुम्ही ओरडता, मातीत राहिलं तरी ओरडता. नत्रानं करावं तरी काय?"

"जिथं राहायचं तिथून उडतं आणि जिथून उडायचं तिथं साचतं," सर म्हणाले. "हवेतून काढायला आपण शिकलो रे. परत हवेत पोचवायला शिकलो नाही. ते काम अजून जंतूच करतात, त्यांच्या चालीनं. आणि पुंडलिक टाकतो त्याच्या चालीनं."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला भूक लागली होती.

पुढल्या वर्षी उन्हाळ्यात अक्का बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बाळंतपणातच तिला जोराचा ताप आला आणि तिचं दूध आटलं. मग गाईचं दूध आलं. बाळाला ते जड पडू नये म्हणून त्यात पाणी घालायचं, आणि पाणी म्हटलं की ते उकळून. नर्सबाईंनी सांगितलं होतं, चांगलं उकळा. मायनं त्यात आपलं शहाणपण घातलं. आमच्याकडे बाळाच्या पाण्यात वावडिंग टाकून ते काढ्यासारखं अर्धं आटवतात. जितकं आटेल तितकं गुणाचं. माय चुलीपाशी बसून अर्ध्याचंही अर्धं करी. पाणी अर्थात गोड विहिरीचं.

बारशाला अक्काची सासू, जावा, सगळे मलकापूरकडून आले. सरांना बोलवायचं नाही असं ठरलं होतं. बाबांनी तरी बोलावलं. सर आले, घरामागं गेले, "माती टाका" झालं, पुढं आले. इतकं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण मग ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. बायकांनी भरलेल्या स्वयंपाकघरात परका पुरुष. ते चुलीवरच्या पातेल्यावर वाकले.

"हे काय उकळू लागल्या, बाई?"

"वावडिंगाचं पानी हाय. पोराच्या दुधात घालाले," माय पदर सावरत म्हणाली.

"कोणत्या विहिरीचं?"

"कोनत्या म्हंजे? गोड विहिरीचं. खारं देऊ का लेकराले?"

"हे देऊ नका. नदीच्या झिऱ्याचं आणा. आणि हे उकळू तर मुळीच नका. उकळलं की पाणी उडतं, नत्र मागं राहतं. तुम्ही या लेकराला नत्राचा काढा पाजू लागल्या! याच्या रक्तात ते शिरलं तर रक्त हवा धरणार नाही. पोर निळं पडेल."

 पाळण्याची दोरी ओढणारी बाई थांबली.

"कोन हाय हे?" अक्काच्या सासूनं विचारलं.

"शाळंतले मास्तर हायेत."

"कायचे मास्तर?"

"खताचे," कोणीतरी म्हणालं, आणि दोन-तीन बायका फिसकन हसल्या.

माय हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. "बारशाच्या दिवशी असं अभद्र बोलाले आले का तुमी? निंगा. माह्या घरातून निंगा पहिले."

सर निघाले. दारात वळून पुन्हा म्हणाले, "झिऱ्याचं आणा." बाबांनी मान खाली घातली. मला सरांचा इतका राग आला की मी त्यांना फाटकापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

थोड्याच दिवसांत बाळाचे ओठ जांभळट दिसायला लागले. आधी वाटलं उजेड कमी आहे. मग नखं. जांभूळ खाल्ल्यावर दिसावीत तशी. बाळ रडायचंही कमी झालं, नुसतं पडून राही. मायनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि नजर कोणाची याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. "त्या मास्तरची जीभ लागली," ती म्हणाली. आम्ही बाळाला घेऊन मलकापूरला गेलो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, हृदयाचं काही असेल म्हणाले, नागपूरला दाखवा म्हणाले. नागपूरची तयारी होईपर्यंत अक्का बाळासह मावशीकडे मलकापुरात राहिली. आणि तिथं बाळ आपोआप गुलाबी झालं. दूध प्यायला लागलं, हातपाय झाडायला लागलं. सगळ्यांना वाटलं नजर उतरली. घरी आणलं. मायनं नव्या जोमानं पाणी आटवायला घेतलं. दोन-तीन दिवसांत ओठ पुन्हा जांभळे.

या वेळी सासूबाई पाहायला आल्या. बाळाकडे बराच वेळ पाहिलं आणि जाताना अक्काला म्हणाल्या, "आमच्या घरात असं कोनाले झालं नाही. हे तुमच्याकडचंच काही असंन. पोरगं नीट झालं का मंग ये." त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट होतं. अक्का त्या रात्री जेवली नाही. बाळ जगेल का आणि जगलं नाही तर आपण कुठं जाणार, हे दोन्ही प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होते.

सकाळी सर दारात. आत आले नाहीत. घरामागंही गेले नाहीत, तेव्हा मला प्रथमच भीती वाटली. मला बाहेर बोलावून म्हणाले, "मलकापुरात कसं होतं?"

"चांगलं होतं."

"आणि इथं आल्यावर?"

मी आत पाळण्याकडे पाहिलं.

"आईच्या पातेल्यातलं पाणी बाटलीत घेऊन ये. शाळेत ये. पुंडलिकरावलाही आणतो."

शाळेला सुट्टी होती. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक टेबल. हेडमास्तर आले, पुंडलिककाका आले, बाबा आले. सरांनी परीक्षानळीत विहिरीचं पाणी घेतलं, हिराकशीचं, म्हणजे लोखंडाच्या हिरव्या क्षाराचं, द्रावण घातलं आणि नळी तिरकी धरून कडेनं अगदी हळू तीव्र आम्ल सोडलं. "आता जिथं दोन्ही मिळतात तिथं तपकिरी कडं येईल. आलं तर नत्र."

आम्ही सगळे वाकून पाहत होतो. कडं आलं नाही.

सरांनी दुसरी नळी घेतली. नाही आलं. तिसरी. काहीच नाही. पुंडलिककाका ताठ उभे राहिले. "झालं का मास्तर? उगाच माही विहीर बदनाम करून राह्यले. मी बी हेच पानी पितो, मले काय झालं?"

"तू म्हशीएवढा आहेस! पोर एवढंसं आहे!" सर ओरडले. त्यांच्या कपाळावर घाम होता. हेडमास्तर घड्याळ पाहत निघून गेले. बाबा माझ्याकडे पाहत होते, मी शास्त्र शिकणारा म्हणून. मी हिराकशीची बरणी उचलली. त्यातले खडे हिरवे असायला हवेत, ते गंजासारखे पिवळट झाले होते. शाळेनं ती बरणी कधी घेतली होती कोणास ठाऊक. "सर, ही मेलेली आहे," मी म्हणालो.

सरांनी बरणी हिसकावली, पाहिली आणि आधी मलाच झापलं, "मग आधी कामून बोलला नाहीस?" मग सायकल घेऊन तडक वरवट बकालच्या बाजारात, रंगाऱ्याच्या दुकानात. रंगारी कापडासाठी हिराकस वापरतो. दुपारच्या उन्हात ते परत आले तेव्हा कोट घामानं पाठीला चिकटला होता आणि कागदाच्या पुडीत काचेसारखे हिरवे खडे होते.

या वेळी विहिरीच्या पाण्यात कडं आलं. पुसट, पण आलं. मायच्या पातेल्यातल्या पाण्यात ते गडद तपकिरी आलं.

"वावडिंगाचा रंग असेल," मी म्हणालो. मला अजूनही ते खरं असावं असं वाटत नव्हतं.

सर माझ्याकडे बघून एकदम हसले. "शाबास. हीच शंका घ्यायची." त्यांनी वावडिंग न घालता विहिरीचं नुसतं पाणी स्टोव्हवर अर्ध्याच्या अर्धं आटवलं. कडं तसंच गडद. मग नदीतल्या झिऱ्याचं पाणी. त्यात काही नाही, नितळ.

"आलं!" सर नळी डोक्यावर धरून त्या एवढ्याशा खोलीत उड्या मारायला लागले. "आलं! कडं आलं! पाहा, पुंडलिकराव, तुमचा पालक जे खात नाही ते इथं आहे! उरलेलं इथं आहे!"

मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. घरी पोर निळं पडलेलं आणि हा माणूस नाचतो आहे.

मायला पटवायला बाबांना संध्याकाळ लागली. तिला नत्र पटलं नाही, मलकापूर पटलं. "तिथं विहिरीचं पानी नव्हतं हे खरं," ती शेवटी म्हणाली आणि पातेलं चुलीवरून उतरवलं. नदी कोसभर लांब, उन्हाळ्यात कोरडी. वाळूत झिरा खणायचा, पाणी झिरपायची वाट पाहायची, वाटीनं भरायचं. मी जायला निघालो तर दारात सायकल उभी. हँडलला कळशी बांधलेली, पाणी भरलेलं.

"सर, तुम्ही कशाला? मी आणतो."

"पहिलं पोतं कोणी आणलं होतं?" ते म्हणाले, कळशी माझ्या हाती दिली आणि निघून गेले.

त्या उन्हाळ्यात ते रोज आले. माय दार उघडायची, त्यांच्याकडे न बघता कळशी घ्यायची. ते ओसरी चढायचे नाहीत, पण घरामागं जायला पुन्हा सुरुवात केली होती. बाळ गुलाबी झालं, मग गोरं, मग लठ्ठ. मायचा राग वितळत असावा, कारण एके सकाळी ती बाळाला घेऊन स्वतः बाहेर आली आणि म्हणाली, "घ्या, पाहा तं खरी मास्तर, कसा झाला माहा नातू." ती वाट पाहत होती. माणूस काहीतरी बोलेल, बाळाच्या गालाला हात लावेल.

सर वाकले. नाक फुगवलं. "याचे लंगोट कुठं धुता, बाई? ते पाणी फेकू नका. कढीपत्त्याला घाला."

माय आत गेली आणि दार लावून घेतलं.

सासूबाई आल्या, नातवाला घेतलं, अक्काला घेऊन गेल्या. जाताना त्या म्हणाल्या म्हणे, तुमचे ते खताचे मास्तर बरे आहेत. मायनं हे सरांना कधी सांगितलं नाही.

मी पदवी घेतली, शेतीखात्यात लागलो आणि नोकरीभर गावोगाव युरिया कसा टाकावा हे सांगत फिरलो. माझ्या सभेत लोक जांभया देत. एकदा बोलता बोलता मी ऐकलं की मी विचारतो आहे, "पिकानं खाल्लं किती? उरलेलं कुठं गेलं?" आणि माझा मलाच राग आला. पुंडलिककाकांनी मूठ कमी केली, पण मोसम चांगला आला की पुन्हा वाढायची. गोड विहिरीचं पाणी गाव पीतच राहिलं. तान्ह्या पोरासाठी तेवढं झिऱ्याचं आणायचं, ही रीत मात्र पडली. सर यावरही समाधानी नव्हते. समाधान हा त्यांचा विषयच नव्हता.

ते वारले तेव्हा बीबीकडून पुतणे आले. सरांनी सांगून ठेवलं होतं की मला जाळू नका, जाळलं की सगळं हवेत जातं, पपईजवळ पुरा. पुतण्यांनी ऐकून घेतलं आणि रीतसर अग्नी दिला. मी चितेपासून थोडा लांब उभा होतो. धूर सरळ वर जात होता, आणि मला कळेना की मला रडू येतंय की त्यांच्या वतीनं ओरडावंसं वाटतंय.

त्यानंतरच्या आखाजीला मी घरी होतो. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतात. तोपर्यंत बाबाही गेले होते. ओट्यावर बाबांची घागर, आजोबांची घागर. मायनं शेजारी आणखी एक ठेवली. रिकामी.

"ही कोनाची?" मी विचारलं.

"त्याची," ती म्हणाली. "त्याच्या मांगं भराले कोन हाय? पन विहिरीचं नोको. त्याले चालत नव्हतं. झिऱ्याचं आन."

अक्काचा मुलगा आजोळी आला होता, आता चांगला उंच झालेला, त्यानंच सायकल काढली. कोसभर जाऊन आला. मायनं घागर भरली, वर करा म्हणतात ते मातीचं छोटं बोळकं ठेवलं, डांगराची, म्हणजे खरबुजाची, फोड ठेवली, आमरस आणि पुरणपोळीचं पान मांडलं, हात जोडले. ओठांत काहीतरी म्हणाली. ते आभार होते की शिव्या, मला सांगता येणार नाही.

जेवणं झाल्यावर भाच्यानं घागर उचलली. आमच्याकडे ते पाणी तुळशीला घालतात. तो वृंदावनाकडे निघाला तशी माय ओसरीवरून ओरडली.

"तुयशीले नोको, बापू. मांगं उकिरड्यावर टाक."

"उकिरड्यावर? काऊन आजी?"

"तो आला तरी आधी तिथंच जाईन."

भाचा घरामागं गेला. माय माझ्याकडे वळली.

"आन वरून माती टाक म्हन त्याले."